पट्टे कापलेल्या कुऱ्हाडी

"कावून कापायलीस ते?" ईश्वरीचे वडील मन्मथप्पा शेडच्या दारातूनच ओरडले.

तिनं मान वर केली नाही. कुऱ्हाडीच्या दांड्याला शिवलेला पट्टा तिनं सुरीनं कापला आणि भुईवर टाकला.

परळीच्या औष्णिक केंद्रात कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे ती फिटर होती; हे शेडही त्याचंच. कॉलेजात असताना एनसीसीतून हिमालयात गेली आणि तिला गोठलेल्या धबधब्यांचं वेड लागलं. दोन्ही हातांत एकेक कुऱ्हाड घ्यायची, ती मनगटाला बांधायची, बर्फात ठोकायची आणि वर सरकायचं. मागच्या हिवाळ्यात तिचे पाय सुटले. कुऱ्हाड बर्फात रुतून राहिली आणि कमरेचा दोर ताणायच्या आत सगळं अंग त्या पट्ट्याला लटकलं. मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधायचा नाही. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, चढायचंच नाही.

"एकदा हात मोडून घेतलास, अजून अक्कल आली न्हाई?"

"हात पट्ट्यानं मोडला, अप्पा. म्हणून तर पट्टाच काढायले."

"आन् कुऱ्हाड सुटली म्हंजी?"

"सुटली तर कुऱ्हाड पडंल. मी न्हाई. मला दोर असतोय."

"तुझ्यापुढं बोलून उपयोग न्हाई," म्हणत अप्पा तिथंच एका डब्यावर बसले.

परदेशात आता बिनपट्ट्याच्या कुऱ्हाडी निघाल्या होत्या. तिनं फोटो पाहिला होता. दांड्याच्या तळाशी मूठ टेकायला आकडा असतो. तिनं लोखंडी पट्टी तापवून तसाच आकडा वाकवला. भोक पाडलं तर दांडा कमजोर होईल अशी भीती वाटली, म्हणून पाइपाच्या क्लिपांनी आवळला. वर सायकलची ट्यूब गुंडाळली. मग छताच्या अँगलला कुऱ्हाडी अडकवून ती लटकली. क्षणभरच. क्लिप सरकली आणि ती राखेनं माखलेल्या फरशीवर दाणकन् आपटली.

अप्पा धावले. "बास झालं आता!"

"न्हाई झालं." ती कंबर चोळत उठली आणि ड्रिल मशीनकडे गेली. भोकं अगदी तळाशी, मुठीच्या खाली पाडली, दोन दोन बोल्ट मारले. पुन्हा लटकली. आकडे हलले नाहीत. अप्पा घरी निघून गेले.

जानेवारीत मनालीच्या वरच्या धबधब्याखाली गिर्यारोहण पथकाचा प्रमुख अमरसिंह तिच्या कुऱ्हाडी बघून हसला. तोही बीडचाच, आष्टीकडचा. "हे काय, ऊसतोडीला निघालीस व्हय? पट्टे बांध, मी देतो."

"न्हाई बांधत."

"मग वर जाऊ नको."

"वरून दोर हाय ना? मग तुमी खाली दोर नीट धरा."

निम्म्याच्या वर डाव्या हाताची बोटं बधिर झाली आणि कुऱ्हाड निसटली. दगडांवर खणखणत ती दरीत नाहीशी झाली. खालून अमरसिंह ओरडला, "सांगितलं हुतं का न्हाई? सोडतो खाली!"

"दोर सोडू नका!"

उरलेल्या कुऱ्हाडीच्या आकड्यावर उजवी मूठ, तिच्या वर डावी. मग हात बदलला. मनगट पट्ट्यानं बांधलेलं असतं तर हे जमलंच नसतं. मोकळा हात बगलेत धरून ऊब घेतली. बोटांत मुंग्या आल्या, कळ मस्तकात गेली. एकच कुऱ्हाड ठोकत, कधी बर्फाची कड नुसत्या हातानं धरत, ती माथ्यावर पोचली.

खाली उतरल्यावर दुपारभर तिनं दरीच्या तोंडाशी बर्फ उकरला. कुऱ्हाड सापडली नाही. अमरसिंह जवळ येऊन उभा राहिला. "माझी एक घिऊन जा. पट्ट्याची हाय, पण चांगली हाय."

"द्या," ती म्हणाली. "सुरी हाय का तुमच्याकडं?"

तो बर्फात खाली बसला. पाठीवरची पिशवी उतरवून त्यानं सुरी काढली आणि स्वतःच पट्ट्याची शिवण उसवू लागला.