घेतलेलं कापड

साखरेची कागदी पुडी बोटांत फिरत होती — फाडलेली नाही, नुसती चुरगळलेली — आणि कॉफीत साखर घातली की नाही, हे वालेवेनला आठवेना. बेटांच्या राजधानीतलं, नूमेआतलं हेच सभागृह, हीच खुर्ची, हाच विषय: मतदारयादी कुणाकुणाला उघडायची. दहा वर्षं इथे राहिलेल्या प्रत्येकाला मताचा हक्क द्या, असं राज्य करणारं पॅरिस म्हणतं; दिला, की आपल्याच बेटांवर आपण मूळचे कनाक मूठभर उरणार. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी निघताना बजावलं होतं — सगळं ऐकून घे, शब्द तेवढा देऊ नकोस. सोपं काम. नुसतं ‘नाही’ म्हणायचं... पण वर्षानुवर्षं ‘नाही’ म्हणून माणूस किती शिणतो, हे त्यांना कोण सांगणार. बायको गेली तेव्हाही मी असल्याच एका बैठकीत होतो.

समोर पॅरिसचे लाकूरसाहेब उठले. हातात घडी घातलेलं फुलाफुलांचं कापड, वर तंबाखूचं पाकीट. वालेवेनच्या शेजारी ओडिल होती, त्याची पुतणी, कनाक शिष्टमंडळाची वकील. ती कुजबुजली, "साहेब भलताच शहाणा झालाय की, काका. कुणीतरी पढवून पाठवलंय."

आजवर पॅरिसच्या एकाही माणसाने आमच्या रीतीप्रमाणे बोलण्याआधी कापड पुढे केलं नव्हतं. आणि हा तर मान खाली घालून, अगदी आमच्या सुरात... तुमच्या दारात आलोय, हे लहानसं गोड मानून घ्या... वालेवेनला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. कंदांच्या पहिल्या काढणीला वडील असेच बोलायचे, लांबलचक, आणि त्या लयीत पोरं पेंगायची. शब्द कोण ऐकतं, सूर उतरला की हात पुढे करायचा, झालं... सूर उतरला. हात गेला. कापड मऊ होतं.

"काका, काय केलंत हे?" ओडिलचा आवाज अगदी खाली गेला होता. "या कापडाबरोबर दहा वर्षांवाल्यांना मताचा हक्क देण्याचा शब्दही घ्या, असं म्हणाला तो. ऐकलं नाहीत?"

"नाही."

"मग परत करा."

"कशावर? घेतलेलं परत करायचं तर आपल्या कापडावर ठेवून द्यावं लागतं. आणलंयस तू?"

या लोकांसमोर कापड लागेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सही झाली नव्हती, कायद्याने काहीच घडलं नव्हतं. पण कापड हाताने घेतलं म्हणजे त्याबरोबरचा शब्दही घेतला, हे त्याला ठाऊक होतं, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं, लाकूरसाहेबांनाही. आता लाज वाटायला हवी... वाटलीही, पण उशिरा. तिच्याआधी, हात पुढे गेला त्याच क्षणी, छातीतलं काहीतरी सैल झालं होतं. हायसं वाटलं होतं मला. संपलं एकदाचं, असं वाटलं होतं.

"चुकून झालं, असं सांगू आपण," ओडिल म्हणाली. "चुकूनच झालं ना, काका?"

त्याने मनात खूप चाचपून पाहिलं, आणि त्याला हो म्हणवेना.