बाखवाला आणि मोझार्टवाला

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. जेवायला बसलं की तो मेलेल्या माणसांची भांडणं उकरून काढतो. समोरच्याचा घास अजून तोंडात असतो, आणि हा म्हणतो, "बाखच्या पुढे मोझार्ट म्हणजे पोरखेळ." का रे बाबा, कुणी विचारलं तुला? दोघांना जाऊन दोनशेच्या वर वर्षं झाली, पण आमच्या टेबलावर ते रोज उठून बसतात आणि माझं डोकं उठवतात.

आमचा धंदा पियानो दुरुस्तीचा. नवऱ्यानं सुरू केला, आता दोन्ही मुलं चालवतात. घरापासून दोन गल्ल्या सोडून कारखाना आहे. तिथे मी अजून पियानोच्या आतल्या, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांना लावायची लोकर कापते, कारण मुलांच्या हातून ती वाकडी जाते. माझी शाळा चौथीतच सुटली. पण कान काही सुटले नाहीत. ऐकून ऐकून मला एवढं कळलंय की बाखच्या संगीतात चार माणसं एकदम बोलतात आणि तरी कुणी कुणाचं तोडत नाही. असं घर मी तरी पाहिलेलं नाही. मोझार्टमध्ये एक जण बोलतो, बाकीचे मान डोलावतात, आणि हसता हसता मध्येच त्याचा गळा भरून येतो. मला दोन्ही चालतं. पण आमच्या घरात दोन्ही चालतं म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही.

थोरल्यानं आपल्या बाजूला बाखच्या काळातला हॅन्डल ओढला, विवाल्डी ओढला. धाकट्यानं हायडनला उभं केलं, कारण म्हणे तो संगीतातसुद्धा थट्टा करायचा.

"दादा, तू सगळी वरात घेऊन ये," धाकटा म्हणायचा. "माझा एकटा मोझार्ट पुरे."

"पस्तिशीत आटोपला बिचारा. बाख दर आठवड्याला चर्चसाठी नवं संगीत लिहून द्यायचा. दर आठवड्याला! तुझ्याच्यानं आठवड्यात एक पेडल दुरुस्त होत नाही."

धाकटा ताटावरून उठला तो उठलाच. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं बिऱ्हाड आहे, पण रोज दुपारी जेवायला आमच्याकडे असायचा. ते बंद झालं. कारखान्यात दोघं पाठीला पाठ लावून बसायला लागले. "आई, दादाला सांग पकड दे." पकड दादाच्या कोपराशी, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला लोकर कापतेय. मी उठायची, पकड उचलायची, ह्याच्या हातात द्यायची. या वयात माझे गुडघे मोझार्टपायी झिजले.

ते सगळं मी सोसलं. पण मध्ये नात अडकली.

नात थोरल्याची. शाळेत क्लॅरिनेट वाजवते, म्हणून आम्ही तिला पिपाणी म्हणतो. शाळेच्या वाद्यवृंदात तिला जागा मिळायची होती, आणि त्यासाठी मोझार्टचाच एक तुकडा वाजवून दाखवायचा होता. मोझार्ट म्हटल्यावर बापानं नाक मुरडलं, पण नाही म्हणाला नाही. सूनबाई घरच्या पियानोवर साथ द्यायची. घरी दोघींचं छान जुळायचं. शाळेत मात्र मास्तर दर वेळी तिला थांबवायचे. सूर उतरलाय, म्हणायचे. मग पोर सूर चढवायला क्लॅरिनेटचा जोड आत दाबायची, आणि घरी आली की सूर चढलेला. परत जोड बाहेर ओढायची. असं करून करून तिचा जीव मेटाकुटीला आला.

"लोकांसमोर घाबरते ती," तिचा बाप म्हणायचा. "घरी जुळतं ना? मग झालं तर."

उद्या शेवटची चाचणी, आणि आज ती शाळेतून आली ती क्लॅरिनेटची पेटी माझ्या मांडीवर ठेवूनच उभी राहिली.

"आजी, हे शाळेला परत करून टाक. माझा कानच खोटा आहे."

रडली असती तर मी समजूत काढली असती. ही अगदी थकल्या बाईसारखी बोलली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बारा वर्षांच्या पोरीनं असं बोलू नये. असं बोलायचा हक्क या घरात फक्त माझा आहे.

मी कारखान्यात गेले आणि धाकट्याला म्हटलं, "चल घरी. पोरीचा कान खोटा आहे की खरा, मला सांग."

"दादानं लावलेल्या पियानोला मी हात लावणार नाही."

हा आमच्या धंद्यातला नियम आहे. एकानं सुरात लावलेल्या वाद्याला दुसऱ्यानं न विचारता शिवायचं नाही. नवऱ्यानं घालून दिलेला.

"तुझ्या बापाचा नियम ना? तुझ्या बापालाही मी तो कितीदा मोडायला लावलाय. ऊठ."

थोरला मागोमाग आला. "हा कशाला इथे?" मी धाकट्याला पियानोकडे ढकललं. धाकट्यानं पियानोचं झाकण उघडलं, एक पट्टी दाबली आणि हात मागे घेतला. खिशातून त्यानं आपला लोखंडी काटा काढला, जो आपटला की एकच सूर देतो. गुडघ्यावर आपटून त्याचा दांडा लाकडावर टेकवला, आणि मग तीच पट्टी पुन्हा दाबली. मलासुद्धा कळलं. पियानो काट्याच्या चांगला खाली होता.

"दादा, हा कधी उतरवलास?"

थोरला खिडकीकडे बघत राहिला. "बाखच्या काळी सूर खालीच असायचा. मला तसा ऐकायचा होता."

"आणि पिपाणीला सांगितलंस?"

सूनबाई दारातून म्हणाली, "अहो, तुम्हीच म्हणालात ना, ती घाबरते म्हणून?"

"पियानोमुळे तिचा सूर चुकतोय हे आधी लक्षातच नाही आलं," थोरला म्हणाला. "आलं तेव्हा उशीर झाला होता. परत वर चढवला असता तर हा म्हणाला असता, बघा, शेवटी मोझार्टसाठी दादानं पियानो लावला."

मला वाटलं धाकटा हसेल. तो हसला नाही. काटा खिशात टाकून खाली बघत उभा राहिला. मी खुर्ची ओढून बसले.

"इकडे बघ," मी थोरल्याला म्हटलं. "मोठा कोण, बाख की मोझार्ट, ते मला ठाऊक नाही, मला धड वाचताही येत नाही. पण बाखला वीस लेकरं होती, असं तूच सांगतोस. थोरल्या मुलाला शिकवायला त्यानं स्वतः बसून सरावाचे तुकडे लिहिले, हेही तूच सांगतोस. तो एवढा मोठा माणूस पोराच्या बोटांना जमेल असं लिहायला बसला, आणि तू त्याचं नाव घेऊन आपल्या पोरीला भित्री ठरवलंस. आजपासून 'मला बाख आवडतो' असं माझ्यासमोर म्हणायचं नाही. तुला भावासमोर हरायला आवडत नाही, एवढंच आहे ते. चल आता. पियानो धाकटा लावेल. तू आत जा आणि तिला सांग, या घरात कान कुणाचा खरा होता आणि खोटं कोण बोललं."