साट्यालोट्याचं गॅरेज

"आता बघा, इथंच बसती," सोमेश्वर म्हणाले, आणि खरोखरच बदनापूरच्या रेल्वे पुलाचा चढ अर्धा संपल्यावर गाडीतला जीव गेला. सुग्रीवनं ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. इंजिन नुसतं घुमत राहिलं. कापूस भरलेला एक टेम्पो हॉर्न वाजवत ऐटीत पुढं निघून गेला, तेव्हा सोमेश्वरांनी तोंड फिरवून घेतलं.

पूल उतरल्यावर सुग्रीवनं गाडी बाजूला घेतली, बंद केली, पाच मिनिटं थांबला. पुन्हा सुरू केली तर गाडी शहाण्यासारखी पळायला लागली. गार असली की चांगली, तापली की रुसते. दुखण्याची पहिली खूण त्याच्या हाती लागली होती.

सोमेश्वर जालन्याचे. बायपासला त्यांचं मोठं वर्कशॉप उघडणार होतं. येताना त्यांनी सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी ड्रायव्हरनं हीच गाडी सुग्रीव कामाला असलेल्या गॅरेजात आणली होती, तेव्हा टर्बो नवीन टाकला. आता जालन्याचे दोन मिस्त्री म्हणत होते की तोही गेला.

"मला ते पटत न्हाई. तुम्ही मला फक्त दुखणं सांगा," ते म्हणाले. "एक तारखेपासून आमच्याकडं हेड मिस्त्री तुम्ही."

सुग्रीवचं वय अठ्ठेचाळीस. चोवीस वर्षं तो दुसऱ्याच्या पाटीखाली गाड्या दुरुस्त करत होता. कोणी 'हेड' म्हणेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की गिअर टाकताना हात चुकला.

आता कोणी विचारील, एवढा गुणी माणूस चोवीस वर्षं एकाच जागी का कुजला? तर गॅरेज राधाकिसनचं, आणि राधाकिसनशी सुग्रीवचं साटंलोटं. म्हणजे सुग्रीवची बहीण प्रेमला राधाकिसनला दिलेली आणि राधाकिसनची बहीण शालू सुग्रीवला केलेली, दोन्ही लग्नं एकाच मांडवात. दोघंही एकमेकांना दाजी म्हणत. नवीन गिऱ्हाईक गोंधळून विचारायचं की यातला खरा दाजी कोण, आणि सगळं गॅरेज हसायचं. सुग्रीवही हसायचा.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं एकदा हिंमत केली होती. जालन्याला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात तो कामाला लागला. नवव्या दिवशी संध्याकाळी प्रेमला दोन बॅगा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. राधाकिसननं तिला मारलं नव्हतं, तो काही बोललाही नव्हता. त्यानं नुसतं तिला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं होतं. आणि साट्यालोट्यात एक लेक माहेरी आली की दुसरीनंही माघारी जायचं, हे सांगावं लागत नाही. शालूनं न बोलता स्वतःच्या साड्या गाठोड्यात भरायला घेतल्या. बाराव्या दिवशी सुग्रीव पुन्हा गॅरेजात हजर झाला. तेराव्या दिवशी प्रेमला सासरी गेली. कोणी कोणाला चकार शब्द विचारला नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

गॅरेजात पोचल्यावर सोमेश्वर समोरच्या हॉटेलात चहाला बसले आणि सुग्रीवनं बॉनेट उघडलं. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ती हवा कमी-जास्त करायला त्याला एक दांडी असते, आणि हवा शोषून दांडीला ओढणारी बोटाएवढी बारीक नळी. स्कॅनरनं सांगितलं, हवेचा दाब कमी. ते तर पुलावरच्या टेम्पोनंही सांगितलं होतं.

आधी त्यानं धूप पेटवला. हवेच्या मोठ्या पाइपात धूर सोडून तोंडं बंद करायची आणि धूर कुठून बाहेर येतो ते बघायचं, ही त्याची स्वतःची रीत. गिऱ्हाइकांना वाटायचं, मिस्त्री इंजिनाची पूजा करतोय. धूर कुठूनच आला नाही. मग त्यानं गाडी वीस मिनिटं चालू ठेवून चांगली तापवली आणि दांडीवर नजर ठेवली. सुरुवातीला दांडी सरसर हलत होती. हळूहळू आळसावली. शेवटी जागची हलेना.

म्हणजे ओढ वाटेत अडत होती. सुग्रीव नळीवर बोट ठेवून माग काढत गेला. बॅटरीखाली बोट मऊ ठिकाणी पोचलं. तिथं मूळ नळी चिरली होती आणि मध्ये वीतभर सलाईनची नळी जोडली होती. तापली की ती जिभेसारखी चपटी होत होती. दोन्ही टोकांना नायलॉनचा दोरा बांधलेला, आणि गाठ होती कोकराच्या गळ्याला बांधतात ती, फास न बसणारी. त्याचे आणि राधाकिसनचे आजे मेंढरं वळायचे. ही गाठ गॅरेजात दोघांनाच येत होती, आणि टर्बो बदलला त्या आठवड्यात सुग्रीव मावसबहिणीच्या लेकीच्या लग्नाला जांब समर्थला गेला होता.

जुना टर्बो मुळात चांगलाच होता. नवीन बसवल्यावर राधाकिसनला चीर दिसली असणार, आणि त्यानं गुपचूप ठिगळ लावलं असणार. सुग्रीवला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली, कारण गाड्यांच्या बाबतीत या गॅरेजाची इभ्रत त्याच्याच हातांवर चालत आली होती.

मागं राधाकिसन येऊन उभा होता.

"तुम्ही असते तर मी कशाला हात लावला असता, दाजी?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक जल्दी करून राह्यलं व्हतं."

सुग्रीवनं ती नळी गाठींसकट कापून काढली.

"प्रेमलाचा फोन आल्ता मघाशी," राधाकिसन हळूच म्हणाला. "बॅग माळ्यावरून काढू का म्हणून विचारत व्हती."

वर्कशॉपात कामाला या, असा सोमेश्वरांचा निरोप कालच घरी आला होता आणि तो शालूनं ऐकला होता. या दोन घरांत एकीला कळलेलं दुसरीपर्यंत जायला भाकरी भाजण्याइतका वेळही लागत नसे.

"मंग तुम्ही काय सांगितलं?" सुग्रीवनं विचारलं.

"मी काय सांगू, दाजी? तुम्हीच सांगा."

त्याच्या आवाजात धमकी नव्हती, हेच सुग्रीवला सोसवेना. धमकी असती तर पाना फेकून निघून जाता आलं असतं. त्यानं कपाटातून जाड विणीची नवी नळी काढली, मापानं कापली आणि क्लिप लावून बसवली. हे काम दहा मिनिटांचं होतं. तो पाऊण तास करत बसला.

तापलेली गाडी पूल अशी चढली की सोमेश्वरांनी डॅशबोर्डवर थाप मारली. गॅरेजात परतल्यावर ते खाली उतरले आणि म्हणाले, "आता सांगा, काय व्हतं?"

सुग्रीवनं सलाईनची नळी त्यांच्या हातात दिली. तापल्यावर ती कशी चपटी होते ते सांगितलं. टर्बो बदलायची गरजच नव्हती, हेही सांगितलं. राधाकिसन दोन पावलांवर उभा होता, जमिनीकडं बघत.

सोमेश्वरांनी गाठ बोटानं चाचपली. "हे कोणी केलं?"

"म्या."

"तुम्ही?"

"हां. घाईत व्हतो. टर्बो बी म्याच बदलला."

सोमेश्वर त्याच्याकडं बघत राहिले. आपण काही चुकीचं ऐकलं असावं असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी नळी बाजूच्या डब्यात टाकली आणि किल्लीसाठी हात पुढं केला. एक तारखेचं नाव त्यांनी काढलं नाही.

"राधाकिसनराव," गाडीत बसताना ते म्हणाले, "पुढच्या बारीला गाडीला तुम्ही स्वतः हात लावा. यांच्या हाती देऊ नका."

राधाकिसनचे ओठ हलले. सुग्रीवला क्षणभर वाटलं, आता हा बोलेल.

"बरं," राधाकिसन म्हणाला.

गाडी जालन्याच्या दिशेनं निघाली. सुग्रीव फाटकाशी उभा राहून ऐकत होता. पहिला गिअर, दुसरा. तिसऱ्याला त्यानं श्वास धरला. टर्बोची शिट्टी बारीक, एकसारखी वर चढत गेली, कुठंही न अडखळता, आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली.

"बराबर," तो स्वतःशीच म्हणाला, आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.