म्हाळसाबाईंचा हात आणि माझी धडधड

मित्रांनो, माझ्यामुळं कुणाला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. अंबिकेचा दर आठवड्याला आईला बसनं बसवकल्याणला व्यायामासाठी न्यायचा हेलपाटा वाचणार होता. तिच्या आईला, म्हाळसाबाईंना, आखडलेला खांदा परत मिळणार होता. वडिलांना, लिंगाप्पांना, घरबसल्या टिंगलीला विषय. आणि मला? मला धक्के. नेमकी त्यांचीच मला भीती.

मी टीव्हीवरचे खेळ खेळायचा एक जुना रिमोट आहे. मला धरून हात फिरवला की पडद्यावरची बाहुली बॅट फिरवते. आधी मी हुमनाबादला एका गेमच्या दुकानात होतो. तिथली पोरं नाक मुरडायची, "बटण दाबून व्हतंय, तर हात कामून नाचवायचा?" तिथंच माझा जोडीदार एका घामेजल्या हातातून निसटला आणि भिंतीवर फुटला. तेव्हापासून सैल बोटं दिसली की माझ्या पोटातले सेल थरथरतात. पुढं दुकान बंद झालं आणि अंबिकेनं मला निर्णा गावात, आपल्या घरी आणलं.

म्हाळसाबाई गोठ्यात घसरून पडल्या होत्या. हाड सांधलं, पण हात वर जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "हात रोज डोक्यावर न्या, नाहीतर खांदा असाच राहील." ज्वारी दाण्यावर आली की शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायचं काम म्हाळसाबाईंचं. यंदा आपल्याला घरी बसवतील, आणि एकदा बसवलं की पुन्हा उठवणार नाहीत, ही त्यांची धास्ती.

पहिल्या दिवशी अंबिकेनं मला त्यांच्या हातात दिलं. हात कानापर्यंतही गेला नाही. पण बाई हुशार! बाजेवर बसून पदराआड नुसतं मनगट झटकलं तरी बाहुली चेंडू मारते, हे त्यांनी लवकरच हेरलं. मला हिसका तेवढा कळतो. हात कुठवर गेला ते कळत नाही. टीव्ही टाळ्या वाजवायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. ओरडून सांगावं, तर मला तोंड कुठं?

"अप्पा, आई रोज जिंकायलीय!" अंबिका म्हणाली.

"बाहुली जिंकायलीय," लिंगाप्पा म्हणाले. "तुझ्या आईचं काय?"

"तुमाला कुणाचं चांगलं बघवतच न्हाई," म्हाळसाबाई फणकारल्या.

लिंगाप्पांनी फणी पुढं केली. "मग विंचर की."

फणी कानापाशी अडली. म्हाळसाबाईंनी ओठ आवळले, जोर केला, पण हात तिथंच. त्यांनी मान खाली घातली. "औंदा ज्वारी तुमीच राखा," त्या पुटपुटल्या. त्या आवाजानं मी जितका घाबरलो, तितका भिंतीलाही कधी घाबरलो नव्हतो.

लिंगाप्पा उठले. खुंटीवरची लोकरीची गोफण काढली, दगडाच्या जागी मला ठेवलं आणि दोऱ्यानं बांधलं. "आता फिरव. मनगट झटकून भागायचं न्हाई. खाली फिरवलीस तर बाजेला आपटंल."

"अप्पा, फुटंल ते!"

"फुटू दे की. खांद्यापरीस म्हाग हाय व्हय?"

झालं! रोज सकाळी मी गोफणीत लोंबकळू लागलो. कधी बाज अंगावर यायची, कधी दाराची चौकट. म्हाळसाबाई कळवळायच्या, घामानं निथळायच्या, थांबायच्या आणि पुन्हा उठायच्या. अंबिका टीव्ही मुद्दाम चालू ठेवायची. टाळ्या कमी वाजू लागल्या. हात मात्र वर सरकू लागला.

मग एका सकाळी राघूंचा थवा कलकलत घरावरून शेताकडं गेला. "हाऽऽ!" म्हाळसाबाई ओरडल्या आणि हात आपोआप वर गेला. गोफण डोक्यावर भिरभिरली. गोफण फिरवणारा हात शेवटी एक टोक सोडतोच. ती सवय बोटांत होती. बोटं सुटली, दोरा तुटला आणि मी हवेत! ज्याला आयुष्यभर भ्यालो ते एका झपाट्यात झालं. समोर टीव्ही होता.

काच खळकन फुटली. अंबिकेनं तोंडावर हात ठेवला. लिंगाप्पांनी टीव्हीकडं बघितलंच नाही.

"म्हाळसे, हात बघ."

हात डोक्यावर, सरळ, तसाच. म्हाळसाबाई घाबरून म्हणाल्या, "अवो, खाली घ्यू का? पुन्ना वर न्हाई गेला तर?"

"घे. मी बघायलोय."

त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा वर नेला.

मित्रांनो, आता मी तडकलेल्या अंगानं कोनाड्यात असतो, फणीशेजारी. साधा हिसकाही ओळखत नाही. माझ्यासारख्यांना हातात घ्याल तेव्हा आमचा पट्टा मनगटात घाला. आणि पडदा "जिंकलात" म्हणाला, तर लगेच खरं मानू नका. आधी आपले केस विंचरून बघा.

शेवटचा हिशोब असा: म्हाळसाबाईंना माळा मिळाला, लिंगाप्पांना शब्द खरा झाल्याची ऐट, अंबिकेला मोकळे दिवस. मी माझं अंग दिलं. आणि काच गेली टीव्हीची, ज्यानं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या होत्या.