बावलीपर्यंतचे तीन थांबे

१९६६ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही नेहमीसारखे शेतावरच्या घरी गेलो. सासरे गेल्यापासून ते घर वर्षातून दहाच दिवस उघडत असे. एरवी डोमाजी आणि त्यांची बायको गोदाबाई ते राखत. माझे पती गोपाळकृष्ण बालाघाटहून निघतानाच सहलींचा बेत कागदावर आखून घेत. एक दिवस नदी, एक दिवस भरवेलीची खाण, एक दिवस हट्ट्याची बावली, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. एका मित्राची जीप मिळे आणि दोघे-तिघे मित्रही बरोबर असत. सकाळी आठला निघायचं, दिवेलागणीला परत.

सासूबाई कधीच येत नसत. दशम्या बांधून देत आणि फाटकाशी उभ्या राहत. बावलीहून परतल्यावर मात्र त्या खोदून खोदून विचारत. किती पायऱ्या, खांबांवर काय कोरलंय, खालच्या मजल्यावर उजेड पोचतो का. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं हे प्रश्न मी ऐकले होते. ज्याला बघायचं नसतं तो इतकं विचारत नाही.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. कारण शोधायची सवय होती, आणि ते मला सापडलं असं वाटलं. सासूबाईंचं सोवळं कडक होतं. परक्या हातचं पाणी त्या पीत नसत. म्हणून त्या वर्षी मी दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, संत्री घेतली, आणि त्यांना स्वतः पाणी शेंदता यावं म्हणून नवी दोरी आणि तांब्या पिशवीत ठेवला. सासूबाई दोरीकडे बघत राहिल्या. "इतकं केलंस," एवढंच म्हणाल्या आणि यायला कबूल झाल्या.

बावलीच्या दिवशी सकाळी त्यांची कंबर दुखू लागली. जीप गेली. मी मागे राहिले.

जीपचा आवाज विरला तशा त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उभ्याउभ्याच दोन पेले पाणी प्यायल्या. आदल्या संध्याकाळी मी भरून ठेवलेला त्यांचा तांब्या तोवर तसाच काठोकाठ होता. दहा मिनिटांनी त्या परसात गेल्या. अर्ध्या तासाने पुन्हा. प्रयोगशाळेत मी थेंब मोजत आले होते, पण घरातली ही गोष्ट चार वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती.

गोदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी तिला हळूच विचारलं. तिने सुपावरून नजर उचलली नाही.

"तुमाले आता समजलं का, सूनबाई? शेवटच्या बाळंतपनापासून अंग बाहेर येते त्याईचं. लघवीले दम धरवत नाही. जीपमंदी चार मानसं. कोनाले म्हनन, थांबवा म्हनून?"

दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळी खाणीकडे गेली. मी डोमाजींना बावलीला जायला बैलगाडी जुंपायला सांगितलं. सासूबाईंना इतकंच म्हणाले की गाडीत गोदाबाई धरून आपण तिघी बायकाच, आणि डोमाजींचं लक्ष रस्त्याकडे असतं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला कळलंय हे त्यांना कळलं. मग आत जाऊन गडद रंगाचं लुगडं नेसून आल्या.

धान कापून झालं होतं. बांध उघडे पडले होते आणि आडोसा म्हणून कुठे कुठे तूर तेवढी उभी होती. अर्ध्या कोसावर तुरीचा दाट पट्टा आला तशी गोदाबाई म्हणाली, "थांबवा. बैल थकले."

"आत्ता त निंगालो," डोमाजी म्हणाले. "कायले थकतीन?"

"मले दिसून राह्यलं ना. तुमी बिडी प्या."

डोमाजींनी बैलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग खाली उतरून वीसेक पावलं पुढे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या थांब्याला त्यांनी आपण होऊनच गाडी उभी केली. "बैल लय थकले आज," असं गंभीर तोंडाने म्हणून ते चालू लागले. गोदाबाईने पदर तोंडाला लावला. तिसऱ्या वेळी सासूबाईच म्हणाल्या, "डोमाजी, बैल थकले असतील." सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्या हसत होत्या.

बावलीच्या पायऱ्या त्या माझा हात धरून एकेक करत उतरल्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या. गोदाबाई वर सावलीत थांबली होती. खाली गार होतं, पाणी हिरवट आणि अगदी स्थिर. दगडी खांबांवरून त्यांनी हात फिरवला.

"तू सांगितलंस त्याहून खोल आहे," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने पाण्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "याला औषध असतं का ग?"

"औषध नाही. शस्त्रक्रिया करतात. नागपूरला बायका डॉक्टर आहेत. मी येईन बरोबर."

"गोपाळला सांगावं लागेल."

"मी सांगेन."

"पोटाचं काहीतरी आहे म्हण."

"नाही. आहे तेच सांगेन."

 मला वाटलं, आता नको म्हणतील.

"मग मी समोर नसताना सांग," त्या म्हणाल्या. "मी तुळशीपाशी असेन तेव्हा."

त्या संध्याकाळी त्या मागच्या अंगणात दिवा लावायला गेल्या आणि आत आल्याच नाहीत. माझ्या पतींनी जीपमधून आल्यावर नुकतेच पाय धुतले होते. मी साध्या शब्दांत सगळं सांगितलं. आईंना जीप कधीच का चालली नाही, तेही. यांनी दोनच प्रश्न विचारले. किती वर्षं, आणि दुखतं का. नंतर बसून पंच्याने पाय कोरडे केले.

मग उठले, मागच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "आई, वारं गार आहे. आत ये."