कपाटामागची अँटेना

मित्रांनो, बंदराच्या धक्क्यावरच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, एक करडा डबा धूळ खात पडला आहे. तो मी. मी एक जुना बिनतारी संच आहे. कधीकाळी क्रेनवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं आणि मालाचा हिशेब मीच हवेतून इकडे पोचवत असे.

हवा सगळ्यांची असली, तरी हवेतल्या लहरींचे पट्टे वाटून दिलेले असतात. मी ज्या पट्ट्यावर बोलायचो तो लाँचवाल्यांचा होता. मोठ्या मालवाहू बोटींना खाडीच्या तोंडातून वाट दाखवत आत आणणारी ही माणसं. मी त्यांच्या घरातला पाहुणा. म्हणून मला घडवणाऱ्यांनी शिकवलं होतं, आधी ऐकायचं, मग बोलायचं. लाँचवाले लांबून बोलत असले तर आवाज खाली आणायचा, जवळ असले तर तोंड मिटायचं, आणि मोकळी जागा दिसली की तेवढ्यात आपलं काम उरकायचं. यासाठी मला एक वेगळी अँटेना होती, फक्त ऐकण्यासाठी. ती तंत्रज्ञ बाईंनी स्वतः छपरावर चढून लावली.

"हे याचे कान आहेत," त्या मुकादमाला म्हणाल्या. "काही झालं तरी ही इथून हलवू नका."

"हो हो, बाई," मुकादम म्हणाला, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि पुढचं त्याने ऐकलंच नाही.

मुकादम मनाने वाईट नव्हता. त्याचा धाकटा भाऊ लाँचवर होता. फेरी संपली की तो ओल्या बुटांनी कचेरीत यायचा आणि दादाच्या कपातला अर्धा चहा हक्काने पिऊन टाकायचा. दादा ओरडायचा, पण कप मुद्दाम काठोकाठ भरून ठेवायचा.

धुक्याच्या दिवसांत माझी पंचाईत व्हायची. डोळ्यांना दिसत नाही म्हटल्यावर लाँचवाले सारखे बोलत राहायचे आणि मी गप्प बसायचो. इकडे क्रेन थांबायच्या, ट्रकची रांग फाटकाबाहेर जायची आणि वरचे साहेब मुकादमाचं डोकं खायचे. एकदा वैतागून त्याने छपरावरची अँटेना उतरवली आणि आत आणून या कपाटामागे सारली. लोखंडाच्या आड मला लाँचवाले ऐकू येईनात. मला वाटलं, पट्टा मोकळा आहे. मी पूर्ण ताकदीनिशी बोलू लागलो.

क्रेन थांबायच्या बंद झाल्या. साहेबांनी येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. मीही फुगलो. हल्ली लाँचवाले फार मितभाषी झाले आहेत, एवढंच मला वाटायचं.

"दादा, रेडिओत आजकाल भयंकर खरखर येते," धाकटा एकदा म्हणाला.

"तुझा सेट जुना झालाय. बदलून माग."

"मागितलाय. देतील तेव्हा खरं."

दोघांपैकी एकानेही कपाटाकडे पाहिलं नाही.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून क्रेनचे पायसुद्धा दिसत नव्हते. खाडीच्या तोंडाशी एक मालवाहू बोट वळत होती आणि धाकट्याची लाँच नेमकी तिच्या पुढ्यात आली होती. तो रेडिओवर ओरडून सांगत होता, थांबा, मागे घ्या. मी त्या वेळी पोत्यांची चित्रं पाठवत होतो. बोटीच्या कप्तानाने नंतर याच खोलीत उभं राहून सांगितलं, "मला नुसती खरखर ऐकू आली हो. शब्द एकही नाही."

लाँच बोटीखाली सापडली. धाकटा दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीला आलेल्यांनी माझी तपासणी केली आणि त्याची हाक माझ्याच आवाजाखाली दबली हे शोधून काढलं. यंत्रात बिघाड, असं ठरवून ते निघून गेले. कपाट पुढे ओढून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. बाईंची बदली झालेली होती. सगळे गेल्यावर मुकादम माझ्यासमोर उभा राहिला.

"माझा भाऊ खाल्लास तू," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या तारा उपटल्या. मला त्याचा राग आला नाही. फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

मग माझ्या जागी नवा संच आला. बसवणारा घाईत होता. त्याने विचारलं, "ऐकायची अँटेना कुठे लावू?"

"होती तिथेच," मुकादम म्हणाला. "कपाटामागे. तिथे लावली की काम अडत नाही."

मित्रांनो, त्याला अजून माहीत नाही. मी सांगू शकत नाही, माझ्या तारा तुटल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी कधी या कचेरीत आलात, तर एवढं करा. हे कपाट पुढे ओढा आणि मागची अँटेना पुन्हा छपरावर लावा. नवा संच माझ्यासारखाच सरळ आहे, ऐकू आलं तर तो नक्की थांबेल. पण लवकर या. दोन दिवसांपासून सकाळी खिडकीतून क्रेनचे पाय दिसेनासे झाले आहेत, आणि लाँचवाले रोज बाहेर पडतात.