अनुसयाबाईंनी सांधलेली नळी

मी एक जुनी ब्रेकची नळी आहे. पेन्सिलीएवढी जाड, साडेचार हात लांब आणि आता मधोमध कापलेली. मित्रांनो, मोटारीचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल, निदान शेजारच्याचं बघून उतरवलं असेल. मोटारीच्या पोटाखालच्या नळीचं कुणी लिहीत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोखंडाला तक्रार नसते, गंज असतो.

माझा जन्म १९५९ साली एका कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी गुंडाळून माझी नळी केली, दोन्ही तोंडं फुलवून त्यांवर नट चढवले आणि मला एका काळ्या मोटारीच्या पोटाखाली, पुढून मागे, नेऊन बसवलं. माझं काम सोपं होतं. चालवणाऱ्याने पाय दाबला की पुढच्या डबीतलं ऑइल माझ्यातून मागच्या चाकांकडे दाब न्यायचं आणि चाकं थांबायची. एका टोकाने दाब घ्यायचा, दुसऱ्या टोकाने द्यायचा. कचेरीतला बाबूही जन्मभर हेच करतो, पण त्याला पेन्शन असते.

पहिली दहा वर्षं मी जंगल खात्यातल्या एका साहेबांकडे काढली. नाल्यांतलं पाणी अंगावर घेतलं, मुरूम खाल्ला. साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले तेव्हा ती मोटार दुसरं कुणी घेईना, म्हणून बाबनरावांनी घेतली.

बाबनराव नागपूरच्या एका कचेरीत जुन्या फायली सांभाळायचे. घर प्रताप नगरात होतं. तेव्हा तिथे घरं मोजकी आणि बाकी तुरीचं वावर. घराणं मूळचं उमरेडचं, विणकराचं. बाबनरावांनी माग सोडून नोकरी धरली, पण त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी माग सोडला नाही. घराच्या मागच्या खोलीत जमिनीत खड्डा होता. त्यात पाय सोडून त्या बसायच्या, पायाखालच्या पावड्या दाबायच्या आणि करवती काठाची लुगडी विणायच्या. खोलीची खिडकी अंगणाकडे होती. मोटार उभी असली की मला दिवसभर खटक-खटक ऐकू यायचं.

दसऱ्याला आधी मागाची पूजा, मग मोटारीची. बॉनेटला झेंडूचा हार, स्टिअरिंगला कुंकू, चारी चाकांखाली लिंबं. मला कुंकवाचं बोट कधी लागलं नाही. चिरडलेल्या लिंबांचा रस मात्र दरवर्षी न चुकता अंगावर उडायचा. तो धुवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोलले नाही.

१९७८च्या हिवाळ्यात अनुसयाबाई मागाच्या खड्ड्यातून उठताना पडल्या. उजवं अंग गेलं होतं. महिन्याभरात तोंड सरळ झालं, हातात थोडी ताकद आली, पण उजवा पाय काही परतला नाही. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा शेक आणि व्यायामासाठी आणा. तीन महिने. मध्ये खंड पडला तर पाय कायमचा लाकूड होईल. सायकलरिक्षात त्यांना बसता येईना, घसरायच्या. म्हणून मोटार.

त्या दिवसांत बाबनरावांना काही वाटेनासं झालं होतं. बशीत चहा ओतायचे आणि बघत बसायचे, तोवर त्यावर साय धरायची. अनुसयाबाई खाटेवरून छताकडे बघायच्या. ठरलेल्या दिवशी ते त्यांना उचलून मोटारीत ठेवायचे, नेऊन आणायचे आणि उचलून खाटेवर ठेवायचे. जाताना बोलणं नाही, येताना नाही. मला हे घर मानवलं. सगळे माझ्यासारखेच झाले होते.

फेब्रुवारीत माझ्या पोटाला भोक पडलं. सकाळी मोटारीखाली रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. बाबनरावांनी मला खोलून काढलं आणि उन्हात धरून पाहिलं. चार बोटांची जागा पार सडली होती. आता दुसरं कुणी असतं तर नवी नळी आणली असती. पण विणकराच्या घरात धागा तुटला की सांधतात. एका धाग्यासाठी पूर्ण ताणा कुणी फेकत नाही. बाबनरावांनी सडका भाग करवतीने कापला, दोन्ही टोकांवर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि बांधायला सुतळी शोधू लागले.

खाटेवरून आवाज आला, “सुतळीनं नाई जमायचं. आणा इकडे.”

अनुसयाबाईंनी मला मांडीवर घेतलं. मागाची सुती दोरी खळीत भिजवली आणि रबरावर गुंडाळायला सुरुवात केली. बोटं सुटायची, पुन्हा धरायच्या. वेढ्याला वेढा चिकटून, अर्धा दिवस. शेवटची गाठ कुठे आहे ते मलासुद्धा कळलं नाही.

बाबनराव म्हणाले, “मस्त बांधलं वं. कंपनीच्या बापाले नाई जमणार.”

त्या हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात झालेलं हे एकमेव कौतुक, आणि तेही चुकीच्या कामाचं.

बाबनरावांनी मला परत बसवलं, डबीत ऑइल ओतलं, मागच्या चाकाची घुंडी सैल करून थोडं टपकू दिलं आणि काम झालं असं ठरवलं. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला, धंतोलीकडच्या उतारावर, त्यांनी पाय दाबला आणि माझा सांधा सुटला. ऑइल रस्त्यावर, पेडल तळाला. बाबनरावांनी हातब्रेक ओढला आणि मोटार रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगावर घातली. ढिगाच्या पलीकडे, पाच हातांवर, शाळेतून सुटलेल्या पोरींची रांग चालली होती. त्या थांबल्या, खुदकन हसल्या आणि गेल्या.

बाबनरावांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

“काय झालं जी?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“काही नाई वं. ऑइल संपलं.”

एका बैलजोडीने मोटार घरी ओढून आणली. संध्याकाळी शेजारचे नत्थूजी आले. नत्थूजी म्हणजे बसच्या डेपोतले निवृत्त फिटर. मोटारीखाली शिरायचं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सोडलं होतं. अंगणात स्टूल टाकायचं, अडकित्त्याने सुपारी कातरायची आणि दुसऱ्याला खाली घालायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी मला हातात घेतलं.

“हे काय गा? ब्रेकची नळी हाये का नवरदेवाचं कंकण?”

“हळू बोला, नत्थूजी. तुमची वैनी ऐकून राहिली.”

“ऐकू दे नं. बाबनराव, धाग्याले ताण असते, नळीले आतून दाब असते. ताणाले गाठ पुरते. दाबाले पुरत नाई. डेपोत असं काम कोणी केलं असतं तर मी त्याले त्याच दोरीनं बांधलं असतं. कोणी बांधलं हे?”

“तिनं.”

नत्थूजींची सुपारी थांबली.

“वैनीले सांगितलं का?”

“ऑइल संपलं म्हणून सांगितलं.”

“वा! म्हणजे आता दोन ठिकाणी गळून राहिलं.” ते उठले. “नवी नळी टाकाले एक दिवस लागते. बाकीचं तू पाह्य.”

पण नवी नळी टाकायची तर सांधा सुटला हे सांगायला हवं. बाबनराव ते सांगू शकेनात. दोन दिवस मी ओसरीवर पडून होते. त्यांनी एकदा मला पुन्हा गुंडाळूनही पाहिलं, पण त्यांना ते जमलं नाही. उतारावरची फेरी अर्ध्यातच चुकली होती. दुसरी चुकली. डॉक्टरांनी सांगितलेला खंड पडायला लागला होता.

तिसऱ्या सकाळी भिंतीला धरून पाय ओढण्याचा आवाज आला. अनुसयाबाई ओसरीपर्यंत आल्या. मला पाहिलं. सुटलेल्या दोरीचं टोक बोटाने उचललं.

“सुटला नं?”

बाबनराव दोरीचं दुसरं टोक गुंडाळू लागले.

“मले काहून नाई सांगितलं?”

“तुले वाईट वाटलं असतं.”

“पायाले काही वाटत नाई, आता जिवालेही वाटू नये का?” त्या खांबाला टेकल्या. “त्या पोरी मले दिसल्या होत्या जी. काचेतून. निळ्या रिबिनीवाल्या. सात होत्या. तीन दिवसांपासून मी त्यायलेच मोजून राहिली. नवी आणा.”

बाबनराव पुन्हा मलाच उचलायला वाकले.

“आणा म्हटलं नं. आन् गाडी टेकवाले मागाचे खांब घ्या. सागवान हाये, दबत नाई. नुसत्या जॅकवर ठेवून खाली घुसाल, मंग मी कोणाकोणाले धंतोलीत नेऊ?”

खांब आले. मोटार त्यांवर चढली. नवी नळी आली, दोन्ही तोंडं फुलवून, नट चढवून, पण काठीसारखी सरळ. मला शेजारी जमिनीवर ठेवलं. माझं पहिलं वळण बघून तिला वळवायचं, मग दुसरं. “हळू, हळू,” नत्थूजी स्टुलावरून म्हणायचे, “पाण्याच्या तांब्याच्या पोटाले धरून वळव. कोपरा पडला की मेली समज.” वीस वर्षं जे वळण कुणी वाकून पाहिलं नव्हतं, ते त्या दुपारी बाबनरावांनी दहादा बोटाने चाचपलं. मला काही वाटलं नाही. फक्त मी होते तशी, न हलता पडून राहिले, तिला नक्कल करायला सोपं जावं म्हणून.

नळी बसली. ती कुठे पत्र्याला घासत नाही हे नत्थूजींनी तीनदा विचारलं. आता आतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाची घुंडी उघडायची. बुडबुडे बाहेर आले की घुंडी बंद करायची, आणि मगच वरच्याने पाय सोडायचा.

“माही कंबर नाई चालत,” नत्थूजींनी आधीच सांगून टाकलं. “कोणाले तरी बोलाव.”

“कोणाले कायले?” अनुसयाबाई म्हणाल्या. “तीस वर्सं पावड्या दाबल्या मी.”

बाबनरावांनी त्यांना उचलून चालवणाऱ्याच्या जागेवर बसवलं. घुंडीला रबरी नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत सोडलं आणि स्वतः मोटारीखाली गेले.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलं.”

“सोड.”

बाटलीत बुडबुडे. पुन्हा दाब, पुन्हा धर. त्या घरात तीन महिन्यांत जेवढे शब्द झाले नव्हते तेवढे त्या तासात झाले. शब्द तेच तीन होते, पण चालू होते.

“अवं, सोड म्हटल्याबिगर सोडू नको! हवा परत घुसली!”

“पाय आपल्या मनानं सरकते, मी काय करू?”

“डावा ठेव मंग.”

वरून थोडी खुडबुड ऐकू आली.

“हं. सांगा आता.”

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलं. किती धरू? भात शिजाले टाकला असता तर झाला असता.”

चार चाकं झाली. शेवटच्या चाकाला बुडबुडे थांबले. बाबनरावांनी घुंडी आवळली आणि म्हणाले, “आता दाब अजून एकडाव.”

वर पेडल करकरलं आणि थांबलं.

“दाबलं का?”

“अडलं.”

“काय अडलं?”

“खाली जाऊन नाई राहिलं. विटेवर पाय ठेवल्यावानी.”

पेडल अडलं म्हणजे आतली हवा संपली, ब्रेक लागला. बाबनराव सरपटत बाहेर आले. पेडलवर अनुसयाबाईंचा उजवा पाय होता, आणि त्याच्यावर डावा, त्याला दाबून धरणारा.

“उजवा काहून खाली ठेवला?”

“राहू द्या. त्याले काही समजत नाई.” त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. “पण गुडघ्याले समजलं जी. अडलं ते समजलं.”

बाबनराव तिथेच मातीत बसले. डोळे पुसायला हात वर नेला आणि अख्ख्या तोंडाला ऑइल आणि गंज फासून घेतला.

“झालं का दोघांचं?” नत्थूजी म्हणाले. “डबीत ऑइल टाका. नाई तर परत पहिल्यापासून दाबत बसान.”

मोटार खांबांवरून उतरली. नत्थूजींनी वैनींना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः काठी टेकून उभे राहिले. पहिली फेरी रिकाम्या मोटारीनेच, हा डेपोचा नियम ते मोडू देईनात. त्यांनी रस्त्यावर टाचेने रेघ ओढली आणि बाबनरावांना सांगितलं, सावकाश यायचं आणि रेघेवर थांबायचं. बाबनराव आले, थांबले. “परत.” परत आले, थांबले. “आता जरा जोरात.” मोटार जोरात आली, चाकं रेघेवर आवळली, धूळ पुढे निघून गेली.

बाबनराव त्यांना उचलायला उतरत होते. तेवढ्यात अनुसयाबाईंनी नत्थूजींच्या हातातली काठी मागून घेतली. स्टुलापासून रेघेपर्यंत सतरा पावलं होती. ती त्या चालत गेल्या. मोटार तिथेच उभी होती. त्या बसल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, “चला. डॉक्टर निघून जातीन.”

मित्रांनो, पुढे पाय बरा झाला का म्हणून विचाराल. अर्धा. काठी सुटली नाही. पण मोटारीत बसवायला कुणाला उचलावं लागलं नाही.

मी आता भंगारात निघाले आहे. जाता जाता एवढंच सांगते. लुगडं सांधा, चप्पल सांधा, छत्री सांधा. ब्रेकची नळी सांधू नका, बदला. आणि ज्याने प्रेमाने सांधली असेल त्याला ती सुटल्याचं त्याच दिवशी सांगा. दोन फेऱ्या चुकवू नका. मोटार कशी पळते ते सगळेच विचारतात. थांबते कशी, तेही कधी विचारा. त्यासाठी खाली वाकून बघावं लागतं. कपडे मळले तर मळू द्या.